आमची भिंत, तुमचा बॅकड्रॉप

नोकरीसाठी अर्ज केला की हल्ली आधी माणूस भेटत नाही, लिंक येते. लिंक उघडली की स्क्रीनवर प्रश्न दिसतो, विचार करायला अर्धा मिनिट मिळतं, मग लाल ठिपका पेटतो आणि आपण आपल्याच चेहऱ्याशी बोलायला लागतो. समोर कुणी मान डोलवत नाही, कुणी ‘पुन्हा सांगा’ म्हणत नाही. लिंकसोबत सूचनांची यादी असते. पार्श्वभूमी साधी ठेवा. घरातले आवाज येऊ देऊ नका. चेहऱ्यावर पुरेसा उजेड असू द्या. आणि शेवटी, प्रोफेशनल दिसा.

माझं भांडण या शेवटच्या क्रियापदाशी आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कोड चालतो किंवा चालत नाही, तो ‘दिसत’ नाही. माझ्या कामात कंपायलरनं मला आजवर कधी विचारलं नाही की तुझ्या मागे भिंतीचा रंग कुठला आहे. मग ते काम मिळण्याआधी माणसं हे का विचारतात?

‘प्रोफेशनल दिसणारा व्हिडिओ कसा रेकॉर्ड करायचा’ यावर सल्ल्यांचा महापूर आहे: रिंग लाईट घ्या, कॉलर माइक घ्या, मागे एखादं रोपटं ठेवा, ते नसेल तर ब्लर करा. यातले काही सल्ले उपयोगाचे आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण बाकीच्यांचा अर्थ एकच निघतो: तुम्ही कुठून बोलताय ते कळू देऊ नका.

घराला गप्प बसवण्याची कला

मी कर्जतकडचा. कर्जत आणि खालापूर हे रायगडचे आतले तालुके, समुद्र नसलेले. लोकल कर्जतला संपते, एक फाटा पळसदरीवरून खोपोलीला जातो आणि पुढे घाट सुरू होतो. इथली मुलं रोज पहाटेची गाडी धरून ठाण्याला, घणसोलीला, पार दादरपर्यंत जातात. इंजिनियर होणारीही भरपूर आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरांवर पत्रे आहेत आणि त्या पत्र्यांवर जून ते सप्टेंबर पाऊस वाजतो.

अशा घरात ‘आवाज येऊ देऊ नका’ या सूचनेचं भाषांतर काय होतं? “आई, दहा मिनिटं कुकर लावू नकोस गं.” “आजोबा, खोकला आला तर ओटीवर जाल का?” धाकट्या भावाला शेजारी पिटाळायचं. पंखा बंद, टीव्ही बंद, दार बंद. खिडकीखालची कोंबडी मात्र कुणाचं ऐकत नाही. भिंतीवर देवाचं कॅलेंडर, ओल आलेला कोपरा आणि दोरीवरचे कपडे. त्यावर मावशीकडून आणलेली नवी चादर ताणायची आणि चादरीसमोर बसून ‘टीमवर्क म्हणजे काय’ या प्रश्नाचं इंग्रजीतून उत्तर द्यायचं. खरं तर टीमवर्क त्या क्षणी अख्खं घर करत असतं. फक्त ते कॅमेऱ्यात दिसायला नको असतं.

माझी तक्रार चादर लावणाऱ्या मुलीबद्दल नाही. तिला नोकरी हवी आहे, तिनं जरूर लावावी. तक्रार चादर लावायला लावणाऱ्यांबद्दल आहे. अशी सूचना ते सहज लिहून पाठवतात, कारण त्यांच्या कल्पनेतल्या प्रत्येक घरात एक जास्तीची खोली असते.

रीलमध्ये चालतो तो पाऊस

आता याच कर्जतला शनिवारी दुपारी या. फार्महाउसच्या पुलाकडेला मोबाइल स्टँडवर उभे असतात. भिवपुरीच्या धबधब्याकडे पावसाळ्यात इतकी गर्दी उसळते की प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. प्री-वेडिंग शूटवाले, ट्रेकवाले, ‘मान्सून व्हाइब्ज’वाले, सगळ्यांना इथला पाऊस हवा असतो. शेणानं सारवलेलं अंगण ‘रस्टिक’ म्हणून चालतं. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज तर लोक झोप लागावी म्हणून तासन्‌तास हेडफोनवर लावून ठेवतात.

तोच पाऊस, तेच पत्रे, तेच अंगण. पाहुण्याच्या रीलमध्ये ते सौंदर्य असतं आणि तिथं राहणाऱ्या पोरीच्या मुलाखतीत तो ‘डिस्टर्बन्स’ ठरतो. आवाजात फरक नसतो. तो कुणाच्या व्हिडिओत आला, यावर त्याचं नाव बदलतं.

हा भाग दुसऱ्यांना सामान पुरवण्यात जुना आहे. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. १९२२ मध्ये भिवपुरीचं केंद्र आलं. खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबई पिते. आणि २००५ मध्ये दिवंगत कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी चौक-कर्जत भागात एन. डी. स्टुडिओ उभा केला, तेव्हापासून इथून पार्श्वभूमीही जाऊ लागली. २००८ साली आलेल्या ‘जोधा अकबर’चे किल्ले-महाल याच स्टुडिओत उभे राहिले होते. आग्रा कर्जतच्या वाटेवर होतं आणि कुणाला खटकलं नाही.

खटकायचं कारणही नव्हतं. सिनेमा खोटं सांगून खोटं दाखवतो. प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हा त्याला माहीत असतं की तट प्लास्टरचा आहे. तो करार आहे आणि देसाईंसारख्या माणसांनी तो आयुष्यभर कसून पाळला. मुलाखतीच्या व्हिडिओत असा करार कुठे असतो? तिथे मुलीनं स्वतःच्या घरात स्वतःचाच सेट उभारायचा, आणि तो सेट आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही. शिवाय खर्चही तिचाच.

‘पण जग दिसण्यावरच जातं ना!’

जातं. हे नाकारण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६७ जणांना व्हिडिओ कॉलवर दिसतात तसे चेहरे दाखवले आणि मागची पार्श्वभूमी तेवढी बदलली. पुस्तकांचं कपाट किंवा झाडं मागे असलेली माणसं जास्त विश्वासू आणि जास्त सक्षम वाटली. बैठकीची खोली दिसली की गुण घसरले. तळाला बैठकीच्या खोलीच्या जोडीला काय होतं? बर्फावर बसलेला वॉलरस. म्हणजे तुमचं राहतं घर आणि वॉलरस, दोघं एका पंगतीला.

यंत्राकडून न्यायाची अपेक्षा असेल तर तीही सोडा. २०२१ मध्ये जर्मनीतल्या बायरिशर रुंडफुंक या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी, व्हिडिओ पाहून उमेदवाराचा स्वभाव सांगणारं एक सॉफ्टवेअर तपासलं. त्याच व्यक्तीमागे पुस्तकांचं कपाट आलं की तिच्या स्वभावाचे आकडे बदलत होते. चष्मा घातला की बदलत होते. अमेरिकेतल्या हायरव्ह्यू या व्हिडिओ मुलाखतींच्या मोठ्या कंपनीनं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं की उमेदवारांच्या चेहऱ्याचं विश्लेषण आम्ही बंद केलं आहे. तोवर कितीतरी चेहरे मोजून झाले होते.

यातून दोन धडे निघू शकतात. पहिला, कपाट आणा. सल्ला देणारे हाच देतात. पण आमच्याकडे पुस्तकं माळ्यावरच्या ट्रंकेत असतात, कारण खाली ओल लागते. ज्यानं ती पुस्तकं वाचली त्याच्या डोक्यात ती आहेत, भिंतीवर नाहीत. दुसरा धडा असा की कपाट पाहून मत बनत असेल, तर बिघाड पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे आणि दुरुस्ती तिथेच व्हायला हवी. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर आपण बारकोडचं स्टिकर चिकटवतो. तपासणाऱ्याला नाव-गाव कळू नये म्हणून. ‘चांगलं आडनाव लावून या, गुण बरे पडतील’ असा सल्ला आपण विद्यार्थ्याला देत नाही. मग भिंतीच्या बाबतीत तो बिनदिक्कत का देतो?

ब्लर काय काय खातं

‘ब्लरचं बटण आहे की, दाबा!’ हे मला माझ्याच धंद्यातली माणसं सांगतात. त्यांनी बटणामागे काय चालतं ते तरी आठवावं. मॉडेलनं प्रत्येक फ्रेममध्ये ठरवायचं असतं की कुठला पिक्सेल माणूस आणि कुठला सामान. ओढणीची कड, मोकळे केस, अंधारातला गाल, इथे ते चाचपडतं. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडातल्या एका संशोधकानं दाखवलं होतं की व्हर्च्युअल बॅकग्राउंड लावलं की त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याचं डोकंच पार्श्वभूमी समजून गायब होतंय. हाच हिशेब स्वस्तातल्या फोनवर चालवला तर फोन तापतो आणि चित्र अडखळतं. ज्यांना लपवायची गरज सर्वात जास्त, त्यांच्याच फोनवर लपवायची सोय सर्वात वाईट चालते.

आवाजाचंही तसंच. नॉइज सप्रेशन म्हणजे ‘माणसाचा आवाज ठेवा, बाकी कापा’. पत्र्यावरचा पाऊस हा सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला आवाज. स, श, फ यांचे उच्चारही बरेचसे तसेच, नुसती हवेची खरखर. कापाकापी जोरात केली की पावसाबरोबर ही अक्षरंही जातात. ‘सिस्टिम डिझाइन’ म्हणायला जावं आणि पलीकडे पोचावं ‘इटिम डिझाइन’.

बोलीचं तर विचारूच नका. आगरी घरात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ‘डोळा’चा ‘डोला’ होतो. मराठीत शिकवणीचा व्हिडिओ केला तरी खाली कुणीतरी शुद्धलेखनाचा रखवालदार उगवतो. इंग्रजीत केला तर ‘न्यूट्रल ॲक्सेंट’चा कोर्स विकणारा. हीसुद्धा एक भिंतच आहे, फक्त ती घशात आहे.

आपण ज्यांच्यामुळे पास झालो ते व्हिडिओ

परीक्षेच्या आदल्या रात्री आपण सगळ्यांनी काय पाहिलं ते आठवा. एनपीटीईएल! आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या प्राध्यापकांची रेकॉर्डिंग. जुन्या व्याख्यानांत धुरकट चित्र, फळ्यावर चमकणारा उजेड, एकसुरी आवाज, कधी प्राध्यापकांची पाठच कॅमेऱ्याकडे. ‘प्रोफेशनल’ या शब्दाच्या आजच्या मापानं पाहिलं तर पहिल्याच फेरीत बाद. आणि या देशातली इंजिनियरांची एक अख्खी पिढी त्यांच्या जिवावर सिग्नल्स अँड सिस्टिम्स पास झाली. खान अकॅडमीच्या सुरुवातीच्या व्हिडिओंत तर माणूसच नसायचा. काळा पडदा, रंगीत अक्षरं आणि एक शांत आवाज, एवढ्यावर जगभरची मुलं गणित शिकली.

ही केवळ जुन्याची आठवण नाही. २०१४ मध्ये फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्सवरच्या चार कोर्सचे ८६२ व्हिडिओ आणि ते पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. छोटे व्हिडिओ लोक जास्त नेटानं पाहतात, सहा मिनिटांनंतर लक्ष उडू लागतं. महागड्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगपेक्षा टेबलाशी बसून आपलेपणानं बोललेले व्हिडिओ जास्त धरून ठेवू शकतात. स्लाइडपेक्षा हातानं लिहीत समजावलेलं जास्त पाहिलं जातं. म्हणजे शिकणाऱ्याला सेट नको आहे. सेट निवड करणाऱ्याला हवा आहे.

आणि जेव्हा खरंच काही सांगायचं असतं, तेव्हा आपल्यापैकी कुणीच भिंत पाहत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर नेता येत नव्हती, बचाव पथकं पावसात पायवाटेनं चढून गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. त्या दिवसांत पायथ्याहून येणाऱ्या बातम्यांत वारा होता, पाऊस होता, तुटणारा आवाज होता. फ्रेम नीट नाही अशी तक्रार कुणी केली नाही. आपण आवाज वाढवला आणि कान देऊन ऐकलं. इर्शाळगड त्याआधी कितीतरी ट्रेकिंग व्हिडिओंत आला होता, वाडी त्या वाटेवरच होती. ती चित्रात होती, पण तिचं म्हणणं कुणी रेकॉर्ड केलं नव्हतं. बॅकड्रॉप होण्याची ही किंमत आहे, आणि म्हणून मला हा शब्द निरुपद्रवी वाटत नाही.

मग काहीच करायचं नाही?

करायचं. गबाळेपणाची वकिली मी करत नाही. माझी कसोटी साधी आहे: एखादी गोष्ट काढून टाकली तर ऐकणाऱ्याला कमी कळतं का? कळत असेल तर तिच्यावर घाम गाळा. नसेल तर सोडा.

आवाज या कसोटीला उतरतो. २०१८ मधल्या एका प्रयोगात एकच संशोधन-भाषण चांगल्या आणि खराब आवाजात ऐकवलं, तर खराब आवाजवाल्यांना संशोधनही कमअस्सल वाटलं आणि संशोधकही. येल विद्यापीठाच्या २०२५ च्या अभ्यासात पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज असलेला उमेदवार नोकरीला कमी लायक ठरला. हाही पूर्वग्रहच. पण इथे एक फरक आहे. आवाज सुधारला की ऐकणाऱ्याचा खरोखर फायदा होतो, आणि त्याला चादर लागत नाही.

फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सहा डेसिबलनं वाढतो आणि पाऊस आहे तिथेच राहतो. हे कुठल्याही ॲपपेक्षा भारी आहे. वायरवाला जुना इअरफोन असेल तर त्याचा माइक वापरा, पण तो कॉलरला घासू देऊ नका. मोकळ्या खोलीपेक्षा गाद्या-गोधड्यांची खोली चांगली, कापड घुमणारा आवाज पिऊन टाकतं. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, कारण ओठ दिसले की ऐकायलाही सोपं जातं. स्क्रीन दाखवत असाल तर अक्षर एवढं मोठं ठेवा की सहा इंची फोनवर डोळे बारीक न करता वाचता येईल, तुमचा प्रेक्षक तिथेच आहे. फोन फ्लाइट मोडवर टाका. आणि सर्वात कंटाळवाणं, सर्वात कामाचं: काय सांगायचं ते आधी कागदावर लिहा, मग त्यातलं निम्मं खोडा.

एवढं झालं की थांबा. कुकरची एक शिट्टी आली तर पुन्हा रेकॉर्ड करू नका. भिंतीवरचं कॅलेंडर राहू द्या.

बाकीचं काम पलीकडच्यांचं आहे. नेमणुका करणाऱ्यांनो, पहिल्या फेरीला चेहरा लागतो कशाला? लेखी उत्तर घ्या, नुसता आवाज घ्या, कोड घ्या. व्हिडिओ घ्यायचाच असेल तर सर्वांना तेच प्रश्न, त्याच कसोट्या द्या, आणि त्या कसोट्यांच्या कागदावर ‘दिसणं’ हा रकाना असेल तर तो खोडा. सूचनांच्या यादीत एक ओळ घाला: ‘घरातल्या आवाजांचे गुण कापले जाणार नाहीत.’ ती ओळ लिहायला पैसे पडत नाहीत. कॉलेजांनो, कॅम्पसच्या मोसमात एक शांत खोली, एक टेबल आणि एक माइक पोरांना मोफत द्या, व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानापेक्षा स्वस्त पडेल. आणि आयटीतल्या माझ्या भावंडांनो, यातले बरेच जण आता निवड समितीवर बसू लागला आहात. अशाच घरांतून आलेले आहात. तुमच्या समोर पुढचा व्हिडिओ येईल आणि त्यात मागे पत्रे वाजत असतील, तेव्हा उमेदवाराला खाली ढकलू नका.

आवाज वाढवा आणि ती काय म्हणतेय ते ऐका.